इंधन पंप स्विच, गृहनिर्मित विमानातील
हौशी व्यक्तीने स्वतः बांधलेल्या विमानात एंजिनास इंधन पुरविणारे विद्युत् पंप चालू-बंद करणारी योजना. बारामती येथे वैमानिक प्रशिक्षणात वापरलेल्या सेस्ना १५२ विमानात टाक्या धडावरील पंखांत असल्याने इंधन गुरुत्वाकर्षणाने उतरते. पंप लागत नाही. रोटॅक्स ९१२ आयएस या इंधन-अंतःक्षेपण एंजिनाचे मात्र दोन्ही पंप विद्युत् असतात. ते एकदम थांबल्यास एंजिन बंद पडते, आणि उड्डाणानंतर लगेच असे घडल्यास खाली बारामती-इंदापूरकडील उभा ऊस असला, तर उतरण्यास जागा मिळणे कठीण. म्हणून प्रत्येक पंपास निराळा स्विच व वितळतार देतात. एकाच दुतर्फा स्विचवर दोन्ही पंप घेणे सुटसुटीत दिसते. तो निकामी होताच दोन्ही जातात. सामाईक भूयोजनतारेतही हाच दोष असतो, पण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही.