नव्वद टक्के धूळ पकडली, पण कोणती?

भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलांवर किंवा लाकूडकामाच्या कारखान्यांमागे पत्र्याचे उलटे शंकू उभे दिसतात. ते सायक्लोन. सायक्लोन बसवला की धुळीचा प्रश्न मिटला, अशी समजूत आहे आणि तिच्या पाठीशी ‘नव्वद टक्के धूळ पकडतो’ हा आकडा असतो. आकडा खोटा नाही. पण तो वजनाचा आहे, आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. सारख्याच पदार्थाचा 20 मायक्रॉनचा एक कण 2 मायक्रॉनच्या हजार कणांइतका भरतो. त्यामुळे जाड धूळ अडली की वजनाच्या हिशेबात जवळपास सगळे काम झालेले दिसते, आणि फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण मात्र बाहेर पडत राहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने साध्या सायक्लोनची कार्यक्षमता एकूण धुळीसाठी 70 ते 90 टक्के दिली आहे, तर 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी केवळ 0 ते 40 टक्के.

हे बनावटीतल्या दोषामुळे होत नाही. हवा कडेने आत शिरते, भिंतीलगत गरगरत खाली जाते आणि मधून वर निघून जाते. जड कण भिंतीवर आपटून तळाच्या हॉपरमध्ये, म्हणजे धूळ साठणाऱ्या डब्यात पडतात. अर्ध्या मीटरच्या त्रिज्येत सेकंदाला 15 मीटर वेगाने फिरणाऱ्या कणावर त्याच्या वजनाच्या सुमारे 45 पट जोर बाहेरच्या बाजूला पडतो. पण हा जोर व्यासाच्या घनाने घटतो आणि हवेचा अडथळा फक्त व्यासाच्या प्रमाणात, म्हणून दहापट बारीक कण भिंतीकडे शंभरपट हळू सरकतो. तो भिंतीशी पोहोचण्याआधीच हवा त्याला वर घेऊन जाते. मग मोठा ब्लोअर लावावा? वेग दुप्पट केला तर दाबाची हानी साधारण चौपट होते, वीजबिल त्याच्या मागे वाढते, आणि निम्मे पकडले जाणाऱ्या कणांचा आकार 10 मायक्रॉनवरून उतरून उतरून 7 वर येतो. वेग अती झाला तर भिंतीवर बसलेली धूळ पुन्हा उडते. सायक्लोनचा घेर वाढवणे तर उलटच पडते, कारण वळण रुंद झाले की जोर कमी होतो. म्हणूनच मल्टिसायक्लोनमध्ये अनेक लहान नळ्या शेजारी शेजारी बसवतात.

यावर कुणी म्हणेल, फिरता भाग नाही, देखभाल नाही, लहान उद्योगाला परवडतो, मग त्याला नावे का ठेवायची? नावे ठेवण्याचे कारणच नाही. सिमेंटच्या प्रीहीटरमध्ये आठशे अंशांच्या वायूतून भुकटी वेगळी करायला सायक्लोनच लागतो. तिथे बॅगफिल्टरची, म्हणजे धूळ गाळणाऱ्या यंत्राची, कापडी पिशवी जळून जाईल. देखभालीचे मात्र तितके खरे नाही. शंकूच्या तळाशी बहुधा बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. हवा आत न घेता धूळ बाहेर सोडणाऱ्या एअरलॉकचे रबर झिजले की तिथून हवा आत ओढली जाते आणि पडलेली धूळ तिच्याबरोबर वर चढते. चांगला सायक्लोनही अशाने वाया जातो. खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण त्याचे उत्तर सायक्लोन आणि बॅगफिल्टर यांतून एक निवडणे हे नव्हे. आधी सायक्लोन जाड धूळ काढून घेतो, त्यामुळे मागच्या बॅगफिल्टरच्या पिशव्यांवरचा भार उतरतो आणि बारीक कण पिशव्या अडवतात. भारताच्या हवा-मानकांत 2009 पासून पीएम 2.5 ची वेगळी मर्यादा आहे. तेव्हा विक्रेत्याकडे एका टक्क्याच्या आकड्याऐवजी कोणत्या आकाराचे किती कण अडतात, याचा तक्ता मागावा.