लग्नाचे फोटो : मालकी कोणाची, चेहरा कोणाचा?

लग्न ठरले की मंडप, आचारी, वाजंत्री आणि फोटोग्राफर यांना इसारा देण्याची धांदल सुरू होते. किती पंगती उठतील याचा हिशेब वधुपिता दहा वेळा करतो, पण फोटोग्राफरच्या पावतीमागे काय छापले आहे हे एकदाही वाचत नाही. पूर्वी लग्नाचा फोटो अल्बममध्येच राहत असे. फार तर स्टुडिओच्या काचेच्या कपाटात एखादा मोठा करून लावला जाई आणि तो गावातलेच लोक पाहत. आज तोच फोटो क्षणात जगभर जातो. म्हणूनच या फोटोवर कोणाचा काय हक्क आहे, हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे यासाठी कॉपीराइट अधिनियम १९५७ लागू आहे. त्याप्रमाणे फोटो काढणारा हा त्या फोटोचा 'कर्ता' होय. परंतु कलम १७ सांगते की, एखाद्याच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन फोटो किंवा चित्रफीत तयार केली असेल, तर उलट करार नसल्यास तिचा पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे रहिमतपुरातील एखाद्या लग्नाचे काम वधुपित्याने पैसे देऊन सांगितले असेल, तर त्या फोटोंचा कॉपीराइट वधुपित्याचा. उलट पाहुण्याने हौसेने मोबाइलवर काढलेला फोटो पाहुण्याचाच राहतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'फोटो काढणाऱ्याचाच हक्क' असे इंटरनेटवर पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ते बहुधा परदेशातील कायद्यावरून लिहिलेले असते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार कॉपीराइट सर्वसाधारणपणे फोटोग्राफरचा असतो. मात्र घरगुती कारणासाठी काढवून घेतलेला फोटो प्रसिद्ध होऊ न देण्याचा हक्क ग्राहकाला आहे. आपल्या कायद्यात मूळ मालकीच ग्राहकाची आहे. पण 'उलट करार नसल्यास' या तीन शब्दांत सारी मेख आहे. 'सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील' किंवा 'फोटो जाहिरातीसाठी वापरता येतील' अशी अट असलेल्या कागदावर आपण सही केली, तर मालकी हातची जाऊ शकते. बँकेत कोऱ्या अर्जावर सही करू नका असे आम्ही खातेदारांना नेहमी सांगतो. तोच नियम येथेही पाळावा.

आता दुसरी बाजू. वधुपित्याची मालकी मान्य केली, तरी फोटोतील चेहरा मुलीचा आहे. कॉपीराइट ही फोटोची मालकी झाली. खाजगीपण हा माणसाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सांगितले की, कुटुंब, विवाह, मातृत्व अशा खाजगी बाबींविषयी संमतीवाचून काही प्रसिद्ध करता येत नाही, मग ते स्तुतीचे का असेना. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. तेव्हा "फोटो चांगलाच आलाय, लावला तर बिघडले काय?" हे उत्तर पुरेसे नाही.

बिघडते काय, हे महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिसते. एका महिलेचा फोटो ओळखीच्या फोटोग्राफरने काढला आणि तयार फोटो विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळावर टाकला. तेथून तो महाराष्ट्रासह चार राज्यांच्या सरकारी जाहिरातींत आणि एका राजकीय पक्षाच्या प्रचारात वापरला गेला. तिची परवानगी कोणी घेतली नव्हती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रकार गंभीर मानून संबंधितांना नोटिसा काढल्या. तो फोटो लग्नातला नव्हता. पण लग्नातले शेकडो फोटो याच वाटेने जाऊ शकतात. कोणी नववधूचा चेहरा घेऊन खोटे खाते उघडतो, तर कोणी विवाह जुळवणीच्या नावाखाली फसवणूक करतो. सोसावे लागते ते त्या मुलीला, आणि सासरी उत्तरही तिलाच द्यावे लागते.

यावर उपाय आहेत. काम ठरवतानाच साध्या कागदावर लिहून घ्यावे : फोटो व चित्रफितीचे हक्क आमचे, शोकेस, जाहिरात वा इंटरनेटवर वापरण्यापूर्वी वधू-वरांची लेखी संमती घ्यावी, मूळ प्रती किती दिवस ठेवाव्यात व नंतर काय करावे. यात फोटोग्राफरचा अपमान नाही. तो कलावंत आहे. त्याला त्याचे नाव आणि ठरलेला मोबदला मिळालाच पाहिजे.

तरीही गैरवापर झाला, तर प्रथम त्या पानाची तारखेसह छायाप्रत काढून ठेवावी व फोटो काढून टाकण्याची लेखी मागणी पोचपावतीसह पाठवावी. कॉपीराइटचा दावा मालक आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी साताऱ्यात, लावू शकतो. जाणूनबुजून भंग करणाऱ्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ड नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यासाठी पोलीस ठाण्यात किंवा १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. मुलीला दोष देत घरात गप्प बसू नये.

शेवटी एक गोष्ट आपल्याच हातची आहे. लग्नाहून परतताना वधूचे फोटो दहा ग्रुपवर टाकण्याआधी तिला एकदा विचारावे. कायदा परक्यांसाठी आहे. आपल्या माणसांत विचारण्याची रीत पडली, तर पुष्कळ तक्रारी उद्भवणारच नाहीत.