मिरचीच्या रोपाला पडवीतला उजेड

कोकणातल्या मालगुंडात भातकापणीनंतर मळ्यात मिरची लावायची, तर रोप महिना-दीड महिना आधीपासून वाढवावं लागतं. म्हणजे बी पेरायचं सप्टेंबरात, आभाळ भरलेलं असताना. अंगणात पावसाची सर कोवळी रोपं झोडपते, म्हणून ट्रे पडवीत येतो. तिथे उजेड कमी पडून रोपं लांबट, फिकी होतात आणि कलंडतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ जात असो की घरचं बी, अंधारात सगळ्यांची गत एकच.

यावर दिवा लावता येतो, आणि तो महागडा गुलाबी-जांभळाच हवा असं नाही. पानांना प्रामुख्याने निळा आणि लाल प्रकाश लागतो. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूबमध्ये दोन्ही असतात. खोक्यावरच्या मोठ्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. ट्यूब खरोखर किती वॅट वीज घेते आणि किती ल्युमेन देते, ते वाचा. 20 वॅटची, सुमारे 2000 ल्युमेनची, 5000 ते 6500 केल्विनची ट्यूब एका-दोन ट्रेंना पुरते.

खरी चूक उंचीत होते. आढ्याला टांगलेला दिवा घराला उजेड देतो, रोपाला नाही. ट्यूब शेंड्यापासून वीतभर वर ठेवा आणि रोप वाढेल तशी उचला. रोज 14 तास पुरे. रात्री अंधार द्या. महिन्याला साडेआठ युनिटांच्या आत वीज लागते. बी उगवेपर्यंत मात्र दिव्यापेक्षा ऊब महत्त्वाची. लावणीपूर्वी आठवडाभर रोपं उन्हात थोडी थोडी सरावू द्या, नाहीतर पानं करपतील.