गाव बदलले, सदरा बदलला

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या कळंबच्या मैदानावर संध्याकाळी मुले फुटबॉल खेळत होती. त्यांतल्या एकाच्या अंगावर विटका नारिंगी सदरा होता. छातीवर पुण्याच्या संघाचे चिन्ह, आणि तेही धुऊन धुऊन अर्धे उडालेले. त्याचा थोरला भाऊ काही वर्षांपूर्वी पुण्याला कामाला होता, त्याने तो आणला होता. खेळ संपल्यावर मुलाने मला विचारले, "सर, हा संघ आता कुठं खेळतो?"

प्रश्न सोपा वाटला, पण उत्तर देता देता मीच अडखळलो. पुण्याच्या संघाची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादचा संघ पुढे दिल्लीला गेला. नाव बदलले, चिन्ह बदलले, रंगही बदलला. हे ऐकून मुलगा म्हणाला, "मग माझा सदरा कोणाचा, सर?"

श्रोतेहो, आज त्या मुलाच्या या प्रश्नाचाच विचार आपण करणार आहोत. खेळाचा संघ गाव सोडून दुसऱ्या गावी जातो म्हणजे नेमके काय जाते? मागे काय उरते? आणि नव्या गावी गेल्यावर त्याला नवा गणवेश का शिवावा लागतो?

प्रथम हे समजून घेऊ की धंदेवाईक संघ आपल्या तालमीच्या किंवा मंडळाच्या संघासारखा नसतो. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांतून आणि तालमींतून वाढले. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही त्यांची नावेच पाहा. पेठ उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही, म्हणून तो संघही नेता येत नाही. पण २०१४ साली आपल्या देशात इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्यातले आठ संघ निराळ्या रीतीने जन्माला आले. मालकाने पैसे भरायचे, स्पर्धेत उतरण्याचा हक्क घ्यायचा, मग संघ उभा करायचा. बाजारातल्या गाळ्यासारखा हा हक्क असतो. गाळा एकाने सोडला तर दुसरा घेतो, आणि घेतल्यावर पहिले काम करतो ते पाटी बदलण्याचे.

पुण्याच्या संघाचे नाव एफसी पुणे सिटी. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात तो खेळे. त्याला 'स्टॅलियन्स' म्हणजे उमदे घोडे म्हणत, आणि त्याचे चाहते स्वतःला 'ऑरेंज आर्मी', नारिंगी सेना, म्हणवीत. २०१७-१८ च्या हंगामात हा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि तिथे बंगळूरकडून हरला. पुढच्या वर्षभरात मालकांची आर्थिक घडी विसकटली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या संघाने घेतली.

आता पाहा, या बदलात माणसे पुष्कळशी तीच होती. प्रशिक्षक फिल ब्राऊन पुण्याचेच, ते हैदराबादेस गेले. मार्सेलिनो, आदिल खान, निखिल पुजारी हे खेळाडूही गेले. पण नारिंगी रंग गेला नाही आणि घोडाही गेला नाही. हैदराबादने पिवळा आणि काळा रंग घेतला आणि चिन्हात आपल्या चारमिनारची आठवण ठेवली. म्हणजे अंगे तीच, अंगावरचे कापड तेवढे बदलले!

कोणी म्हणेल, हा नुसता दिखाऊपणा झाला. खेळाडू तेच, खेळ तोच, मग नवे कपडे कशाला? पण त्याला कारणे आहेत. पहिले कारण उघड आहे. हैदराबादचा माणूस पुण्याच्या घोड्यासाठी टाळी वाजवणार नाही. शिवाय हैदराबादला स्वतःचा मोठा इतिहास आहे. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हेच पुढे १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. अशा गावात उसना रंग घेऊन जाणे बरे दिसले नसते. दुसरे कारण व्यवहाराचे. संघाचे चिन्ह ही मालमत्ता असते, तिची नोंदणी होते, आणि ते छापलेले सदरे विकून पैसा येतो. नवा मालक जुन्या मालकाचे चिन्ह वापरून दुकान कसे चालवील? तिसरे कारण मनाचे. सदरा हे नव्या गावाला लिहिलेले पहिले पत्र असते. अजून सामना झालेला नाही, गोल झालेला नाही, खेळाडूंची नावेही लोकांना ठाऊक नाहीत. अशा वेळी संघाकडे दाखवण्याजोगे एवढेच असते.

पण रंग निवडणे म्हणजे दुकानात जाऊन साडी पसंत करणे नव्हे. फुटबॉलच्या नियमांतला चौथा नियम खेळाडूच्या पोशाखाविषयी आहे. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत, आणि गोलरक्षकाचा सदरा सर्वांहून निराळा पाहिजे, असे तो सांगतो. म्हणून प्रत्येक संघ निदान दोन पोशाख तयार ठेवतो, एक घरचा आणि एक पाहुणा म्हणून गेल्यावर घालायचा. दोघांचे रंग जुळले तर बहुधा पाहुण्याने आपला बदलायचा.

या नियमाची गंमत २०२२ साली दिसली. हैदराबादने पिवळा रंग घेतला खरा, पण त्या स्पर्धेत केरळ ब्लास्टर्स हा संघ २०१४ पासून पिवळाच सदरा घालत आला होता. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामन्यात हे दोघेच समोरासमोर आले. साखळीत हैदराबाद वरच्या क्रमांकावर होता, म्हणून पिवळ्याचा मान त्याला मिळाला आणि केरळला दुसरा, गडद सदरा घालावा लागला. पण केरळचे हजारो चाहते पिवळे कपडे घालून आले होते! मैदानावर पिवळा हैदराबाद आणि प्रेक्षकांत पिवळा केरळ. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला, मग पेनल्टीच्या फटक्यांवर हैदराबाद जिंकला. गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणी या गोलरक्षकाने तीन फटके अडवले.

ध्यानात घ्या, हाच हैदराबाद २०१९ मध्ये आपला पहिला सामना कोलकात्यात पाच-शून्य असा हरला होता आणि त्या हंगामात सर्वांत खाली राहिला होता. तेव्हा तो पिवळा रंग नुसते कापड होते. त्या गोव्याच्या रात्रीनंतर त्याला अर्थ आला. रंग कारखान्यात तयार होतो, पण त्याला किंमत येते ती घामाने आणि आठवणीने.

आणि तरीही तो टिकला नाही. पैशाची ओढाताण झाली आणि २०२५ साली हा संघ दिल्लीला गेला. स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे त्याचे नवे नाव ठेवले गेले. दैवाचा खेळ असा, की याच दिल्लीचा दिल्ली डायनामोज हा संघ २०१९ मध्ये भुवनेश्वरला गेला होता आणि ओडिशा एफसी झाला होता. एकीचे मूल गेले, सहा वर्षांनी दुसरीचे आले. पण ज्या मुलांनी पहिल्या संघाचे सदरे घेतले होते, त्यांना हा हिशेब कोण समजावणार?

इथे खरा प्रश्न येतो. संघ कोणाचा, मालकाचा की गावाचा? जगात याची उत्तरे वेगवेगळी मिळाली आहेत.

इंग्लंडात विम्बल्डन हा १८८९ साली स्थापन झालेला संघ. २००३ साली तो तेथून सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या गावी नेण्यात आला. २००४ मध्ये त्याचे नाव बदलले आणि जुना निळा-पिवळा रंग टाकून त्याने पांढरा सदरा घातला. पण विम्बल्डनचे लोक गप्प बसले नव्हते. स्थलांतराला परवानगी मिळाली त्याच वर्षी, म्हणजे २००२ मध्ये, त्यांनी स्वतःचा नवा संघ काढला, निळा-पिवळा सदरा त्याला चढवला आणि अगदी खालच्या पायरीपासून खेळायला सुरुवात केली. जुन्या संघाने जिंकलेले चषक २००७ साली त्यांच्या भागाला परत मिळाले, आणि २०२० साली ते आपल्या जुन्या मैदानाजवळ नवे मैदान बांधून घरी आले. मालकाने हक्क नेला, लोकांनी रंग राखला.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. पण तेथले एक उदाहरण फार शिकवण्यासारखे आहे. क्लीव्हलंड शहराचा ब्राउन्स हा संघ बाल्टिमोरला नेण्याचे मालकाने १९९५ मध्ये जाहीर केले. शहर खवळले, न्यायालयात गेले. १९९६ मध्ये तडजोड झाली ती अशी: खेळाडू आणि नोकरवर्ग मालकाने न्यावा, पण संघाचे नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि सारा इतिहास क्लीव्हलंडलाच राहील. बाल्टिमोरच्या संघाने मग रेव्हन्स हे नाव आणि जांभळा-काळा पोशाख घेतला. रेव्हन म्हणजे डोमकावळा. त्या पक्ष्यावर प्रसिद्ध कविता लिहिणारा एडगर ॲलन पो बाल्टिमोरलाच वारला, म्हणून ते नाव त्या मातीतले ठरले. इकडे क्लीव्हलंडमध्ये १९९९ साली नवा संघ उभा राहिला आणि त्याने पेटीत जपलेला जुना सदरा पुन्हा अंगावर घातला. आपल्याकडे बैल विकताना पुष्कळ घरी दावे काढून ठेवतात. बैल जातो, पण घराचे दावे घरात राहते. क्लीव्हलंडने तेच केले.

आपल्या देशातही असा प्रसंग आला. २०२० मध्ये कोलकात्याचा एटीके हा नवा, श्रीमंत संघ आणि मोहन बागान हा जुना संघ एकत्र आले. मोहन बागान म्हणजे १९११ साली इंग्रज पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा संघ. त्याचा हिरवा-किरमिजी रंग जाईल की काय, या धास्तीने चाहते अस्वस्थ झाले. शेवटी रंग तोच राहिला, होडीचे चिन्ह राहिले. नावाच्या पुढे लागलेले 'एटीके' मात्र लोकांना खुपत राहिले. २०२३ मध्ये तेही काढावे लागले.

हे सारे ऐकताना मला दूरचे वाटत नाही. आमच्या शेजारी बाभूळगाव तालुक्यात बेंबळा धरण झाले, गावे उठली, नव्या जागी वसली. गाव उठते तेव्हा लोक काय नेतात? घराची दारे-खिडक्या नेतात, देव नेतात, आणि सर्वांत आधी गावाचे नाव नेतात. जमीन बदलते, माणसे तीच राहतात, म्हणून नावही तेच राहावे हे योग्य आहे. संघाचे नेमके उलटे असते. त्याचा हक्क जातो आणि ज्यांनी त्याला जीव लावला ती माणसे जागेवरच राहतात. म्हणून न्याय एवढाच, की ज्यांची माणसे मागे राहिली त्यांचा रंगही मागे राहू द्यावा, आणि नव्या गावाने आपल्या मातीतून नवा रंग शोधावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना यातून घेण्यासारखे काही आहे. दोन शाळा एकत्र होतात, मंडळे फुटतात, जुळतात, नवे संघ निघतात. त्या वेळी गणवेश ठरवताना घाई करू नये. एका गावी मी पाहिले, देणगीदाराने सदरे फुकट दिले, पण पाठभर दुकानाचे नाव आणि गावाचे नाव बोटभर. दोन वर्षांनी देणगीदार बदलला, सदरेही बदलले, आणि मुलांजवळ आपला म्हणावा असा रंगच उरला नाही. तेव्हा मुलांनाच विचारावे. गावाचे काय दाखवायचे? चिंतामणीचे मंदिर, कापसाचे बोंड, की आणखी काही? रंग असा घ्यावा की शेजारच्या संघाशी गोंधळ होणार नाही, काळ्या मातीत खेळून धुतल्यावर पुन्हा उजळेल, आणि आकडा लांबून वाचता येईल. आणि एकदा ठरवला की दरसाल बदलू नये.

त्या मुलाला मी शेवटी काय सांगितले? म्हटले, "बाळ, त्या संघाचा हक्क दिल्लीला गेला. पण हा सदरा दिल्लीचा नाही आणि हैदराबादचाही नाही. पुण्यात ज्यांनी त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत आरोळ्या दिल्या त्यांचा तो आहे, आणि आता तुझा."

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तोच सदरा घालून पुन्हा मैदानावर आला. उडालेल्या चिन्हाच्या कडेने त्याच्या आईने नारिंगी दोऱ्याची शिवण घातली होती.