उदबत्तीतला ऊद

गेल्या वर्षी गणपतीला माझी भाची रत्नागिरीला आली, तेव्हा तिच्या पर्समध्ये करंगळीएवढी एक काचेची कुपी होती. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात ती सुगंधी द्रव्यांच्या विभागात काम करते. कुपीच्या कागदावर इंग्रजीत लिहिले होते : चॉकलेट, ऑरिस, ऊद; आणि खाली बारीक अक्षरांत, युनिसेक्स. दुकानाला मराठी गिऱ्हाइकांसाठी या महागड्या अत्तराची चार ओळींची माहिती मराठीत हवी होती आणि ते काम तिच्या गळ्यात पडले होते.

"मामा, जन्मभर मराठी शिकवलंस. या वासाला मराठीत काय म्हणू, सांग."

मी कागदाची पट्टी नाकाशी नेली. पुन्हा नेली. "छान आहे," यापलीकडे मला काही सुचले नाही. प्रस्तुत लेखाचा उगम त्या फजितीत आहे.

तिघांपैकी ऊद हा शब्द ओळखीचा वाटला, म्हणून तिथून सुरुवात केली. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड. सुगंधाच्या व्यवहारात मात्र तो एकाच लाकडाचा अर्थ घेऊन आला : संस्कृतातले अगरू. ॲक्विलेरिया वर्गातले हे झाड आसाम आणि ईशान्य भारतात वाढते. गंमत अशी की निरोगी झाडाचे लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ निर्गंध असते. खोडकिडा त्याला पोखरतो, जखमेत बुरशी शिरते आणि तिला थोपवण्यासाठी झाड जी गडद राळ स्रवते तीत हा गंध असतो. म्हणजे अगरू हा झाडाचा आजार नव्हे, आजाराशी झाडाने दिलेला झगडा आहे. राळेने काळे पडलेले लाकूड बारीक करून पाण्यात भिजत घालतात आणि मग त्याचे तेल ऊर्ध्वपातनाने काढतात.

सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त कामरूपचा राजा भास्करवर्मा हर्षाला भेटी पाठवतो. त्यांत काळ्या अगरूचे तेल आहे आणि अगरूच्या सालीवर लिहिलेल्या पोथ्याही आहेत. आसामात ही साल पुढेही शतकानुशतके लिहिण्यासाठी वापरली गेली; तिला साँचीपात म्हणतात. एकाच झाडाच्या सालीवर ग्रंथ आणि गाभ्यात गंध!

आता आपल्या देव्हाऱ्याकडे पाहावे. अगरूवरून अगरबत्ती आणि ऊदावरून उदबत्ती. संस्कृत आणि अरबी अशा दोन वाटांनी आलेली एकाच झाडाची दोन नावे आपण रोज संध्याकाळी उच्चारतो. वस्तू मात्र नावामागून केव्हाच निसटली. आपल्याकडे 'ऊद घालणे' म्हणताना निखाऱ्यावर पडते ती वेगळ्याच झाडाची, लोबानाच्या जातीची राळ, आणि रोजच्या उदबत्तीत ऊद परवडणे शक्य नाही. भाचीच्या कुपीतला ऊदही बहुधा प्रयोगशाळेत जुळवलेला असणार, कारण रानातली झाडे इतकी तोडली गेली की १९९५पासून ॲक्विलेरियाच्या आसामी जातीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराची बंधने आहेत. चैनीच्या दुकानातली कुपी आणि देवळाबाहेरचा उदबत्तीचा पुडा, दोन्हींकडे नावच दरवळते आहे.

अशा नावांचा माग काढणारा एक माणूस आमच्याच जिल्ह्यात जन्मला होता, हे मला माहीत होते; पण त्याने सुगंधांवर काय लिहिले आहे हे मी कधी वाचले नव्हते. परशुराम कृष्ण गोडे यांचा जन्म १८९१ साली देवरुखला झाला. १९१९पासून १९६१ साली मृत्यू येईपर्यंत ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते. हस्तलिखितांच्या सहवासात राहून त्यांनी शेकडो लेख लिहिले आणि विद्वानांनी ज्याकडे ढुंकूनही पाहिले नसते अशा गोष्टींचा इतिहास मांडला : जिलेबी, नथ, शोभेची दारू आणि खुद्द दिवाळी.

१९४०च्या दशकात गोडे यांनी संस्थेतल्या एका हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यात सुगंधशास्त्रावरचे दोन ग्रंथ होते. एक गंगाधराचा 'गंधसार' आणि दुसरा अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद'. या 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. रामकृष्ण व्यास यांनी संपादित केलेले हे दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

मराठी टीका असणे ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. संस्कृत श्लोक विद्वान पाठ करतो. देशी भाषेतली टीका ज्याला प्रत्यक्ष वाटायचे, शिजवायचे, गाळायचे आहे त्याच्यासाठी असते. कुणीतरी मराठी माणूस हा धंदा करत होता, निदान करू पाहत होता, आणि त्याच्यासाठी कुणीतरी मराठीत लिहीत होते.

'गंधसारा'ची रचना पाहण्याजोगी आहे. पहिल्या प्रकरणात प्रक्रिया, दुसऱ्यात पाठ म्हणजे कृती, तिसऱ्यात द्रव्यांचा कोश. प्रक्रिया सहा : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावन म्हणजे चूर्णाला सुगंधी द्रवाने पुनःपुन्हा भिजवणे. आपले वैद्य आजही औषधाला 'भावना' देतात. पाचन म्हणजे शिजवणे. धूपन म्हणजे धुरी देणे आणि वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून वास मुरवणे. उरले बोध आणि वेध. या शब्दांचे मूळ अर्थच जागवणे आणि भेदणे. कस्तुरी-कापरासारख्या तीव्र द्रव्याची अल्प मात्रा शेवटी देऊन मिश्रणातला निजलेला गंध उठवायचा, त्याला टोक आणायचे. आजचे सुगंधकार एखाद्या द्रव्याचा थेंबभर वापर करून सगळे मिश्रण 'उचलतात', तेच हे काम.

हे वाचल्यावर मी पट्टी पुन्हा हुंगली.

ऑरिस हे आयरिस फुलाच्या कंदाचे नाव. इटलीतल्या टस्कनी भागात त्याची जुनी लागवड आहे. ताजा कंद जवळजवळ बिनवासाचा. सोलून, वाळवून तीन ते पाच वर्षे ठेवला की हवेच्या संपर्काने त्यात आयरोन नावाची द्रव्ये तयार होतात आणि मग गंध येतो : पावडरीचा, गाजराच्या सालीचा, थोडा मातकट. किंमत आहे ती या थांबण्याची. आपल्या जुन्या पाठांत या जागी बसेल असे द्रव्य म्हणजे कोष्ठ. हिमालयातल्या या मुळाच्या वासाचे ऑरिसशी असलेले साम्य पाश्चात्त्य सुगंधकारांनाही जाणवले होते. दुर्दैवाने अतितोडीमुळे रानातले कोष्ठही आज धोक्यात आहे.

चॉकलेटचे मात्र आपल्याकडे मूळ शोधू नये. कोको हे अमेरिका खंडातले झाड. आपल्या जुन्या गंधशास्त्राला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. पण कोकोचा वास येतो तो बी भाजताना. भाजण्यातून पायराझिन नावाची संयुगे तयार होतात आणि तीच कॉफीत, भाजलेल्या शेंगदाण्यांतही असतात. या सगळ्या कुळासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : खमंग. धुपात गूळ आणि मध घालण्याची चाल आपल्याकडे जुनीच, तेव्हा खाण्याच्या गोडव्याने सुगंध बांधणे ही कल्पनाही काही परकी नाही.

राहिले युनिसेक्स. लग्नाच्या मांडवात दारात अत्तरदाणी घेऊन कुणीतरी उभे असे आणि आल्यागेल्या प्रत्येकाच्या मनगटाला तेच अत्तर लागे. आजोबा त्याचाच फाया कानात ठेवत आणि आजी हळदीकुंकवाला तीच कुपी काढी. ती पुरुषांची की बायकांची, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. सुगंधाची अशी वाटणी बाजाराने केली आणि आता ती मोडल्याचे पैसेही बाजारच घेतो आहे.

सहाव्या शतकात वराहमिहिराने सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून प्रमाणे बदलत गेल्यास १,७४,७२० गंध होतात, असा हिशेब मांडला होता. तेवढे वास मोजणाऱ्या परंपरेचे आपण वारस, आणि आपल्याकडे दुकानासाठी शब्द एकच : छान. शब्द नाहीत असे नाही. खमंग, उग्र, मंद, कुबट, खवट, करपट, ओशट, कोंदट, घमघमाट, दरवळ, परिमळ हे सगळे स्वयंपाकघरात, गोठ्यात, माळ्यावर जिवंत आहेत. अत्तराच्या दुकानात मात्र ते सांगायला आपल्याला संकोच वाटतो.

आम्ही दोघांनी मिळून चार ओळी लिहिल्या. 'सुरुवातीला भाजल्या कोकोचा खमंगपणा; मग जुन्या पावडरीच्या डबीसारखा कोरडा, मातकट मऊपणा; आणि शेवटी अंगावर रेंगाळणारा अगरूचा उग्र, थोडा गोठ्याची आठवण देणारा धूर. घरातल्या कुणीही लावावे.'

दुकानाने तीन ओळी घेतल्या. गोठा अर्थातच गेला. खमंग हा शब्दही त्यांना नको होता, तो ऐकून फराळ आठवतो म्हणे. भाचीने फोनवर सांगितले की त्या एका शब्दासाठी ती अडून बसली आणि तो राहिला. पहिल्याच आठवड्यात नऊवारीतल्या एक आजी पाटीसमोर थांबल्या, मोठ्याने वाचल्या आणि म्हणाल्या, "खमंग? बघू, हुंगायला दे." अत्तर त्यांनी घेतले नाही. पण अर्धा तास उभ्या राहून एकेका कुपीच्या वासाला त्या मराठीत नाव देत होत्या आणि भाची ते वहीत लिहून घेत होती.

या दिवाळीला ती वही घेऊन येणार आहे.