कोरड्या केसांवर चालणारी कात्री

पार्लरमध्ये खुर्चीत बसलं की पहिल्या दोन मिनिटांत काय होणार हे ठरलेलं असतं. अंगावर कापड येतं, स्प्रेच्या बाटलीतून डोक्यावर पाणी पडतं आणि बारीक दातांचा कंगवा टाळूपासून टोकापर्यंत फिरतो. सरळ केसांसाठी ही तयारी बिनचूक आहे. ओले केस एकमेकांना धरून राहतात, ताणता येतात, दोन बोटांमध्ये पकडले की कापायला स्वच्छ रेषा मिळते. कुरळ्या किंवा लाटदार केसांचं मात्र कात्री उघडण्याआधीच अर्धं नुकसान झालेलं असतं, कारण जो आकार कापायचा तोच पाण्याने आणि कंगव्याने डोळ्यांआड केलेला असतो. घरी येऊन केस वाळले की खांद्यापर्यंत ठरवलेली लांबी हनुवटीशी पोचते, एक बाजू वर चढते, दुसरी खाली राहते आणि टोकांशी केसांचा रुंद त्रिकोण तयार होतो.

हा त्रिकोण घेऊन कितीतरी मुली आणि बायका वर्षानुवर्षं वावरतात. आता केस वाढवणारे तरुणही त्यात आहेत. ‘माझे केसच वाईट’ असं म्हणून त्या अंबाडा घट्ट करतात, नाहीतर स्मूदनिंगचे पैसे भरतात. कुरळे केस कापणं ही स्वतंत्र कारागिरी आहे, तिचे नियम आहेत, तिच्यात एकमेकांशी न पटणारी घराणीही आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

केस कुरळा होतो तो टाळूच्या आत. सरळ केस सरळ कूपातून उगवतो, कुरळा केस वाकड्या कूपातून. वाकड्या कूपात केसाच्या दोन्ही बाजू सारख्या घडत नाहीत आणि बाहेर येतानाच तो वळण घेऊन येतो. त्याचा आडवा छेद पाहिला तर तो बहुधा लंबगोल दिसतो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. हे बंध पक्के, पाण्याने न सुटणारे. त्यांच्या जोडीला हायड्रोजनचे कच्चे बंध असतात. पाणी लागलं की ते सुटतात आणि केस ज्या स्थितीत वाळेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणून ओली बट लांब दिसते आणि वाळली की आखडते. किती आखडेल हे प्रत्येक डोक्यावर वेगळं असतं, आणि खरी अडचण म्हणजे एकाच डोक्यावरही ते जागोजागी बदलतं. मानेजवळची बट घट्ट, माथ्यावरची सैल, कानामागची जवळजवळ सरळ असं नेहमी आढळतं. ओल्या केसांवर एका रेषेत कापलं तर वाळल्यावर ती रेषा टिकणार कशी?

आपल्याकडे जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट किंवा कुरळे येतात असं घरोघरी मानतात. वस्तरा कूपापर्यंत पोचत नाही. बाळाचे केस वयाबरोबर बदलतात, वस्तऱ्यामुळे नव्हे. हेच मोठ्यांच्या केशकर्तनालाही लागू आहे. कात्रीने वळण घालता येत नाही आणि काढताही येत नाही. तिच्या हातात दोनच गोष्टी आहेत, केसांचं वजन आणि त्यांची बाह्यरेषा.

वजनाची गोष्ट भौतिकशास्त्रज्ञांनाही भुलवून गेली आहे. २०१२ साली ब्रिटनमधल्या रेमंड गोल्डस्टीन, पॅट्रिक वॉरन आणि रॉबिन बॉल यांनी पोनीटेलच्या आकाराचं समीकरण मांडलं. केसाचा ताठपणा, गुरुत्वाकर्षण आणि केसांच्या वळणांमुळे गुच्छाला आतून मिळणारा फुगवटा यांचा हिशेब त्यात आहे. लांबीच्या मानाने केस वजनाने किती खाली ओढला जातो हे दाखवणाऱ्या अंकाला त्यांनी परीकथेतल्या लांब केसांच्या रपुंझेलचं नाव दिलं. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतले पेद्रो रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळातच वळण असलेल्या लवचीक रबरी कांड्या टांगून एकट्या कुरळ्या केसाचा अभ्यास केला. पुरेशा लांब आणि जड कांडीचा वरचा भाग स्वतःच्याच वजनाने सरळ होतो आणि वेटोळं फक्त खालच्या टोकाशी उरतं, हे त्यात दिसलं. जुन्या टेलिफोनची वेटोळ्यांची वायर रिसीव्हर लोंबकळला की वरून कशी सरळ व्हायची, ते आठवून पाहा.

केस कापणाऱ्याला ही गोष्ट प्रयोगशाळेशिवाय कळलेली असते. कमरेपर्यंत केस असलेल्या मुलीला वाटतं, आपले केस सरळ आहेत, खाली थोडे वळतात इतकंच. तेच केस खांद्यापर्यंत आणले की वजन उतरतं आणि मुळाजवळच्या लाटाही वर येतात. दोन इंच कापले तर बट दोन इंचांपेक्षा जास्त वर जाते. कपाळावरच्या बटांचं वजन मुळातच कमी, म्हणून तिथे हा हिशेब सर्वांत आधी चुकतो आणि भुवयांपर्यंत हव्या असलेल्या बटा कपाळाच्या मध्यावर जाऊन बसतात.

मग साऱ्या जगाने ओले केस ताणून कापायची पद्धत का धरली? विसाव्या शतकातल्या केशकर्तनावर व्हिडाल ससून यांची मोठी छाप आहे. १९६०च्या दशकात लंडनमध्ये त्यांनी केसांना भूमिती दिली, कोन मोजून, रेषा धरून. बायकांची रोलर आणि स्प्रेच्या साप्ताहिक बैठकीतून सुटका केली ही त्यांची थोर कामगिरी. पण ती भूमिती सरळ केसांवर सर्वांत चांगली उमटते, आणि प्रशिक्षणवर्गांतली डमीसुद्धा बहुतेक सरळ केसांचीच राहिली. कुरळं डोकं आलं की आधी ते सरळ करायचं, मग कापायचं, हा सवयीचा मार्ग झाला.

या सवयीला उघड आव्हान न्यूयॉर्कमध्ये मिळालं. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या विदाद यांनी १९८४ मध्ये मॅनहॅटनमध्ये फक्त कुरळ्या केसांसाठी सलून काढलं. तेव्हा हे धाडसच होतं, कारण कुरळ्या केसांचं गिऱ्हाईक म्हणजे स्ट्रेटनिंगचं गिऱ्हाईक हे समीकरण पक्कं होतं. त्यानंतर नव्वदच्या दशकात इंग्लंडहून आलेल्या लोरेन मॅसी यांनी डेनिस दासिल्वा यांच्यासोबत ‘देवाचन’ हे सलून उभं केलं. मॅसी यांचं म्हणणं साधं होतं. लोक कुरळे केस कोरडे ठेवून जगतात, तर ते कोरडेच कापावेत. या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं ‘कर्ली गर्ल’ हे पुस्तक आलं, २०११ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि त्यांची पद्धत देशोदेशी गेली. पुढे त्या सलूनच्या नावाशी जोडलेल्या शाम्पू-कंडिशनरांवर २०२० साली अमेरिकेत ग्राहकांनी केसगळतीचे दावे केले. मॅसी तोवर तिथून बाहेर पडल्या होत्या. बाटलीतला माल आणि हातातली कला या दोन गोष्टी निराळ्या धराव्यात, एवढं मात्र त्यातून घेण्यासारखं आहे.

कोरडा कट प्रत्यक्ष पाहणं हा आनंद आहे. माणूस केस धुऊन, नीट वाळवून, मोकळे सोडून येतो. कापणारी व्यक्ती पहिली काही मिनिटं कात्रीला हातच लावत नाही. समोरून, बाजूने, मागून केस कुठे पडतात ते बघते. बोटांनी केस उचलून टाळूपर्यंत दाटी तपासते. एखादी बट टोकाशी धरून ओढते आणि सोडते. ती किती वर उडी घेते त्यावरून तिथे किती कापायचं ते ठरतं. भांग कुठे पडतो, केस नेहमी कोणत्या कानामागे खोचता, हेल्मेट घालता का, असे प्रश्न येतात. रोज हेल्मेट घालणाऱ्या बाईच्या माथ्यावर उंच, हलका आकार काढून काय उपयोग?

मग एकेक बट सुटी करून कापली जाते. बट न ताणता, ती जिथे लोंबते तिथेच. वळणाचा बाहेरचा फुगीर भाग येतो तिथे कात्री लागली तर बटेचं टोक आत वळतं आणि शेजारच्या बटांत मिसळून जातं. वळणाच्या भलत्या जागी कापलं तर टोक बाहेर फाकतं आणि त्या एका बटेमुळे शेजारच्या चार पिंजारल्यासारख्या दिसतात. खालच्या थरात लांबी ठेवून वरचे थर थोडे चढवत नेले की त्रिकोण मोडतो. मधूनमधून ‘मान हलवा’ असं सांगितलं जातं. कुरळ्या केसांचा आकार हालचालीतच खरा कळतो. तबल्यावरचे झाकीर हुसेन ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. शेवटी केस धुऊन, कंडिशनर आणि जेल लावून, न चोळता वाळवतात आणि चुकार बटा पुन्हा बघतात. हे सगळं व्हायला तास-दीड तास सहज लागतो. म्हणून हा कट महाग असतो, आणि घाईच्या दुकानात तो होत नाही.

थिनिंगची कात्री या कामात जवळजवळ वर्ज्य. दाट कुरळे केस दिसले की ‘थोडे हलके करते’ म्हणत ती बाहेर काढतात. तिने बटेच्या मधोमध आखूड केस तयार होतात, ते बटेबरोबर वळत नाहीत, वर येऊन उभे राहतात. पंधरा दिवसांनी केस आणखी फुगलेले वाटतात. वस्तऱ्याने टोकं खरवडण्याचंही तेच. टोकं झिजतात आणि फाटे लवकर फुटतात.

घराण्यांचा वाद इथेच आहे. विदाद यांचा कट ओल्या केसांवर होतो. बटा एकमेकींत बसाव्यात म्हणून त्यात आतून वजन कोरून काढलं जातं. हात तयार असेल तर ओल्या कटालाही उत्तम आकार येतो, कारण तो हात वाळल्यानंतरचा आकार मनात धरून चालतो. रेझो नावाने ओळखला जाणारा कट कोरडाच, पण त्यात लांबी राखून मुळाशी फुगवटा आणण्यावर भर. माझं मत कोरड्याच्या बाजूने आहे. अनोळखी खुर्चीत बसलेल्या माणसाला त्यात चूक होताना तिथल्या तिथे दिसते आणि थांबवता येते.

आंद्रे वॉकर यांची वर्गवारीही खूप ऐकू येते. ओप्रा विन्फ्री यांच्या या केशरचनाकारांनी केसांचे एक ते चार प्रकार पाडले. सरळ, लाटदार, कुरळे आणि अगदी घट्ट वळणाचे. बोलायला ती सोयीची, पण कापताना केसांची दाटी, एकेका केसाची जाडी आणि बट किती आखडते हे आकड्यापेक्षा जास्त कामाचं.

हे कौशल्य सलूनच्या हौसेवर सोडून भागत नाही, हे काही देशांना उशिरा का होईना पटलं. ब्रिटनमध्ये २०२१ पर्यंत आफ्रिकी वळणाचे केस कापायला शिकणं केशकर्तनाच्या प्रशिक्षणात सक्तीचं नव्हतं. त्या वर्षी राष्ट्रीय मानकं बदलली. न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये कायदा करून सर्व प्रकारच्या केसांचं शिक्षण अभ्यासक्रमात आणलं. यामागे कृष्णवर्णीय स्त्रियांचा लांबलचक लढा आहे. शाळेत आणि नोकरीत केसांवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालणारा ‘क्राऊन’ कायदा कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये झाला, तोही त्याच लढ्यातून.

आपल्याकडे लाटदार केस घरोघरी आहेत. अनेकांना ते ठाऊकही नसतं, कारण लहानपणापासून तेल चोपडून, कोरडे विंचरून, दोन घट्ट वेण्यांत ते बांधून ठेवलेले असतात. कोरड्या कंगव्याने लाट मोडते आणि उरतो तो नुसता पिंजारलेला गुच्छ, मग त्यालाच ‘रखरखीत केस’ असं नाव पडतं. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम चालतो, शहरोशहरी खासगी अकादम्या आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने परीक्षेत एक कुरळं डोकं कोरडं कापून दाखवावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. हजारो रुपये आणि रसायनं ओतून केस सरळ करण्याची किती गिऱ्हाइकांना खरंच गरज होती, हे त्यानंतर कळेल.

तोवर तुम्ही एवढं करा. कटच्या आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. कंडिशनर लावलेलं असतानाच गुंता सोडवा, वाळल्यावर कंगवा फिरवू नका. पोनी किंवा क्लिप न लावता मोकळ्या केसांनी जा. यू कट, स्टेप कट असली नावं सांगण्याऐवजी वाळलेले केस कुठपर्यंत यायला हवेत ते बोटाने दाखवा. पहिल्या वेळी हवे त्यापेक्षा कमीच कापायला सांगा. आणि स्प्रेची बाटली पुढे आली की म्हणा, “ताई, आधी केस कोरडेच बघून घ्या ना.” त्या थांबल्या, केसांत बोटं घालून बघू लागल्या, तर बसा. थिनिंगची कात्री उचलली गेली तर उठून या. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतात, आणि बिघडलेला कट भरून यायला वर्ष सहज जातं.