शुक्रवारचं अत्तर

सकाळी ७.३०. कोल्हापुरात गंगावेशीतल्या घराच्या माडीवर पंखा बंद. वारा लागला की वजनकाट्याचा आकडा एका जागी थांबत नाही. रात्री धुऊन उपड्या घातलेल्या बाटल्या अत्तरवाले चाचा एकेक करून उजेडाला धरतात. आत पाण्याचा थेंब राहिला तर तेल गढूळ होतं, आणि गढूळ बाटली परत येते.

८.१५. शेजारच्या वहिनी आल्या. बाटलीमागं दीड रुपया. सिरिंजनं सहा मिली ओढायचं, बाटलीत सोडायचं, तोंडात रोल-ऑनची गोळी ठेवून अंगठ्यानं दाबायची. ‘टक’ आवाज आला म्हणजे बसली. साठ-सत्तर बाटल्या झाल्या की अंगठा बोलायला लागतो. मग वहिनी तळहातानं रेटतात. प्रत्येक वासाची सिरिंज वेगळी. हिन्याची मोगऱ्यात गेली तर मोगरा वाया.

हिशेब तोंडपाठ आहे. रिकामी बाटली सात रुपये, खोकं तीन, लेबल बारा आणे, मजुरी दीड. अत्तराच्या आधीच सव्वाबारा रुपये गेले.

१०.३०. महाद्वार रोडवरून आत वळलं की बोळात दुकान. माणूस आडवा झोपला तर पाय बाहेर येतील. शुक्रवार हा अंबाबाईचा वार आणि जुम्म्याचाही, त्यामुळे आज गर्दी दोनदा. भवानी एका आजींची. देवीच्या पूजेला मोगरा, तीन मिली, साठ रुपये. नोट कपाळाला लावून गल्ल्यात.

११.४५. कनौजचं पार्सल आलं. ॲल्युमिनियमचे दोन डबे, पाच-सहा थरांत गुंडाळलेले. तिकडं तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी घालून झाकण मातीनं लिंपतात, खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बुडवलेल्या भपक्यात उतरते. भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते वास धरून ठेवतं. आता चंदनतेलाचा भाव किलोला लाखांत गेलाय. म्हणून बाजारातला बराच माल केमिकलच्या बेसवर येतो, स्वस्त पडतो आणि खपतोही.

चाचांच्या वरच्या फळीवर अस्सल, खालच्या फळीवर कम्पाउंड, म्हणजे हाच केमिकलचा माल. दुकान खालच्या फळीवर चालतं, हे ते लपवत नाहीत.

“मामा, हे चंदन अस्सल हाय न्हवं?” एका ताईंनी विचारलं.

“न्हाई ताई. कम्पाउंड हाय. वास चांगलाय, पण चंदन न्हवं.”

ताईंनी बाटली खाली ठेवली, बोळाच्या तोंडापर्यंत गेल्या, परत आल्या आणि तीच घेतली. सगळ्याच परत येत नाहीत.

१२.४५. नमाजाआधीची झुंबड. अत्तरात अल्कोहोल नसतं, म्हणून मशिदीत जाताना हेच. काडीला कापूस गुंडाळून फाया करायचा, मनगटावर टेकवायचा. निम्मी पोरं फुकटचं लावून जातात. चाचा त्यांनाही नवीन कापूस देतात. १.१५ ला शटर अर्धं.

३.१५. पुण्याचा व्यापारी. पाचशे बाटल्या हव्यात, लेबल मात्र त्याचं: ‘शुद्ध चंदन’. माल खालच्या फळीचा. आगाऊ पैसे द्यायला तयार. चाचांनी चहा मागवला, लेबल परत दिलं. “कम्पाउंड लिवा, उद्या भरून देतो.” व्यापारी चहा पिऊन गेला. पाचशे बाटल्या म्हणजे त्यांचा पंधरा दिवसांचा धंदा. मला वाटलं, थोडं ताणायला हवं होतं. चाचा फळी पुसत होते.

धंदा वाढलाच नाही असंही नाही. मोबाइलवरून सांगली, निपाणी, पुण्याच्या मागण्या येतात. ४ वाजता मुलगा नऊ पाकिटं कुरियरला टाकून आला. बाटलीभोवती वर्तमानपत्र, वर चिकटपट्टी. फुटली तर दुसरी फुकट.

६.३०. कॉलेजच्या पोरानं फोनवर एका परदेशी सेंटचा फोटो दाखवला. “सेम पायजे.” “सेम न्हाई, जवळपास हाय,” म्हणत चाचांनी फाया पुढं केला. एकशेवीस सांगितले, शंभर मिळाले.

दिवसभर वास घेऊन नाक थकतं. सात वाजता चाचा दाराबाहेर दहा मिनिटं नुसते उभे राहतात. सर्दी झाली तर त्या आठवड्यात नवीन मिश्रण नाही.

९.१०. गल्ला तीन हजार चारशे. त्यातून माल, भाडं, वीज, वहिनींचे दीडशे. वरच्या फळीवरची आज एकच बाटली गेली, खसची.

तुम्ही अत्तर घ्यायला गेलात तर लगेच पैसे देऊ नका. मनगटावर लावा, देवीचं दर्शन करून या, तासाभरानं पुन्हा हुंगा. मग ठरवा.